पेट्रोल भरताना लेकराला आधी खाली उतरवा

पिरंगुट-पौड रस्त्यावरच्या पंपावर सकाळी कामाच्या वेळेला पाहा. मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू आणि वडील गाडीवर बसूनच झाकण उघडतात. लेकराचं नाक टाकीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर! पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. एका दिवसाच्या वासाने होत नाही, हे खरं. पण सवय कशाला लावायची?

आगीचं तर लगेचच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती खाली तापलेल्या इंजिनकडे उतरते. बसलेल्या माणसाला पळता येत नाही. म्हणून इंजिन बंद करा, गाडी स्टँडवर लावा, सगळे उतरा. टाकीच्या तोंडाशी पेट घेतलाच तर नळी ओढून काढू नका, पेट्रोल चौफेर उडतं. गाडी तिथेच सोडून लांब व्हा.

भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नको.

आणि घरी बाटलीत पेट्रोल ठेवणं, नळीने तोंडाने ओढणं बंद करा. घोटभर पोटात गेलं तर उलटी काढू नका, ते फुप्फुसात उतरतं. थेट १०८ ला फोन करा.