बाहेरचे जेवण : दर नव्हे, विस्तव पाहा

लक्षात राहिलेले जेवण कोणते, असे नागपूरकराला विचारले तर तो एकच नाव घेऊन थांबत नाही. कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी उभ्याने खाल्लेले तर्री-पोहे, सावजी खानावळीत घाम पुसत संपवलेले मटण, हिवाळ्यात कढईतून नुकतीच निघालेली सांबारवडी आणि लग्नाच्या वाढदिवसाला वर्धा रोडवरच्या वातानुकूलित हॉटेलात घेतलेले जेवण, ही सारी त्या यादीत असतात. मात्र काही जेवणे वेगळ्याच कारणाने लक्षात राहतात. त्यानंतर कोणाला कावीळ होते, कोणाच्या मुलाला विषमज्वर होतो, तर कोणाला रात्रभर उलट्या-जुलाब होऊन सकाळी सलाईन लावावी लागते.

अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "रस्त्यावरचे खाऊ नको म्हटले होते ना! खायचेच होते तर चांगल्या हॉटेलात जायचे." सल्ला मायेचा आहे, पण अर्धाच खरा आहे. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण हॉटेलांनाही लागू पडते.

महागडे म्हणजे सुरक्षित नव्हे

इंग्लंडमधील ब्रे या गावी 'फॅट डक' नावाचे उपाहारगृह आहे. जगातील नामांकित उपाहारगृहांत त्याची गणना होते. 2009 च्या सुरुवातीला तेथे जेवून गेलेल्या पाचशेहून अधिक लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. नोरोव्हायरस या विषाणूची ती साथ होती. दूषित पाण्यातले कालव आणि पूर्ण बरे होण्याआधीच कामावर आलेले कर्मचारी, अशी कारणे तपासात पुढे आली. त्यानंतर फेब्रुवारी 2013 मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातील 'नोमा' येथे 63 जण आजारी पडले. हे उपाहारगृह 2010 पासून सलग तीन वर्षे जगात पहिल्या क्रमांकाचे ठरले होते.

जंतूला दरपत्रक वाचता येत नाही. त्याला टेबलावरचा पांढरा कपडा दिसत नाही आणि ठेल्याची मोडकी फळीही दिसत नाही. त्याला चारच गोष्टी कळतात : विस्तव, पाणी, हात आणि वेळ. बाहेर जेवताना आपणही याच चार गोष्टी पाहाव्यात.

विस्तव आणि वेळ

शिजलेले अन्न साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की त्यात जंतू वाढू लागतात. पोषक वातावरणात काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जंतू होतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा ओट्यावर झाकून ठेवलेले पातेले म्हणजे जंतूंसाठी उबवणीचे यंत्रच! म्हणून शिजलेले अन्न एरवी दोन तासांपेक्षा अधिक आणि कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा अधिक वेळ तसेच बाहेर राहू नये.

काही जंतू अन्नात विष तयार करून ठेवतात. भातात वाढणाऱ्या एका जंतूचे आणि हातावरच्या फोडांतून अन्नात जाणाऱ्या दुसऱ्या एका जंतूचे विष नंतर अन्न उकळले तरी नष्ट होत नाही. त्यामुळे "परत गरम करून दिले" एवढ्याने सकाळचा भात रात्री निर्धोक होत नाही.

आता आपला तर्री-पोह्याचा ठेला पाहा. हरभऱ्याची तर्री स्टोव्हवर सतत खदखदत असते. समोर उकळती तर्री पोह्यांवर पडते आणि पाच मिनिटांत बशी रिकामी होते. गर्दीमुळे माल साठून राहत नाही. विस्तव आणि वेळ या दोन्ही परीक्षांत हा ठेला उत्तीर्ण होतो. याउलट मोठ्या हॉटेलातील बुफेमध्ये भांड्याखाली छोटी ज्योत असते, ती कधी विझते आणि भाजी तीन-तीन तास कोमट राहते. चिरून ठेवलेली कोशिंबीर, गार दही-वडा आणि क्रीम घातलेले गोड पदार्थ यांना तर विस्तव लागतच नाही. थाट कितीही असो, हा धोका तेथे असतो.

पाणी आणि हात

ठेला नापास होतो तो पाणी आणि हात या विषयांत. तर्री उकळती असते, पण वर घातलेला कच्चा कांदा, पिळलेले लिंबू आणि बाजूची पातळ चटणी उकळलेली नसते. एकाच बादलीत दिवसभर बशा बुडवल्या जातात. ज्या हाताने पैसे घेतले, त्याच हाताने सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, भुरभुरली जाते. कावीळ, विषमज्वर आणि पटकी हे रोग याच वाटेने येतात. उसाच्या रसातला आणि गोळ्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हेही ग्राहकाला ठाऊक नसते.

हातांचे महत्त्व सांगणारा एक इतिहास आहे. अमेरिकेत मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण न्यूयॉर्क परिसरातील श्रीमंत घरांत काम करीत असे. ती ज्या घरी जाई, तेथे विषमज्वर निघे. ती स्वतः मात्र ठणठणीत होती. 1907 मध्ये तपासणी झाली, तेव्हा तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू सापडले. शिजवलेल्या अन्नातले जंतू मरत, पण आइस्क्रीमसारख्या न शिजणाऱ्या पदार्थांतून ते पसरत, असे मानले जाते. म्हणजे स्वयंपाकी धडधाकट दिसतो म्हणून त्याचे हात शुद्ध आहेत असे नव्हे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुणे, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

दोष कालच्या जेवणाचाच असतो का?

पोट बिघडले की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो. शिळ्या अन्नातील विषाचा त्रास काही तासांत होतो, नोरोव्हायरसचा साधारण एक-दोन दिवसांत. परंतु विषमज्वर बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. 'अ' प्रकारची कावीळ 15 ते 50 दिवसांनी आणि 'ई' प्रकारची दोन ते दहा आठवड्यांनी प्रकट होते. त्यामुळे आज डोळे पिवळे झाले तर कालच्या पोह्यांवर आळ घेण्यात अर्थ नाही. महिनाभरापूर्वी कोठे पाणी प्यायलो, हे आठवावे. गर्भवतींना 'ई' कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांनी बाहेरचे पाणी, बर्फ आणि कच्चे पदार्थ पूर्ण टाळावेत.

सावजीचे तिखट

सावजी स्वयंपाक ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची देणगी. हातमागावर राबणाऱ्या या विणकरांच्या घरचा भाजलेल्या मसाल्याचा रस्सा खानावळींतून सर्वदूर पोचला. असे तिखट खाऊन पोटात व्रण होतो, हा समज सर्वत्र आहे. परंतु 1982 मध्ये ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ओळखला. या व्रणांचे मोठे कारण तो जंतू असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्यांचे. तिखट हे मूळ कारण नव्हे. मात्र ज्यांना आम्लपित्त, मूळव्याध किंवा भगंदर आहे, त्यांचा त्रास तिखटाने वाढू शकतो.

खरी काळजी तेल आणि मिठाची. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तवंग बाजूला सारावा, भाकरी घ्यावी, लोणचे-पापड सोडावे आणि असे जेवण रोजचे न करता प्रसंगाचे ठेवावे.

तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक द्रव्ये साचतात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांपुढे गेलेले तेल वापरण्यास 1 जुलै 2018 पासून कायद्याने मनाई आहे. कढईतले तेल काळे, चिकट, फेसाळ असेल किंवा लगेच धूर सोडत असेल, तर तेथील समोसा खाऊ नये.

बाहेर जेवताना

1. वाफाळते, समोर शिजलेले किंवा तळलेले तेच घ्यावे. कोमट असेल तर नम्रपणे परत करावे.
2. गर्दीचे ठिकाण निवडावे. तेथे माल लवकर खपतो.
3. कच्चा कांदा, पातळ चटणी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फ टाळावा. पाणी घरून न्यावे.
4. हॉटेल असो वा ठेला, भांडी धुण्याची जागा एकदा पाहावी. अन्न सुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक लावला आहे का, हेही बघावे.
5. वर्तमानपत्रात बांधलेली भजी-कचोरी घेऊ नये. शाईतील घातक द्रव्ये तेलात उतरतात. हा लेख वाचण्यासाठी आहे, त्यावर सांबारवडी ठेवण्यासाठी नाही.

त्रास झालाच तर

जुलाबात जीव जातो तो मुख्यतः शरीरातील पाणी आटल्याने. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हे माप चुकवू नये. तान्ह्या बाळाला अंगावरचे दूध चालू ठेवावे. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद होणे, सुस्ती, खोल गेलेले डोळे किंवा न थांबणारी उलटी यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये, तातडीने दवाखाना गाठावा. प्रतिजैविक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

बाहेरचे खाणे हा गुन्हा नाही. गरिबाच्या ठेल्याला नाक मुरडू नये आणि श्रीमंताच्या हॉटेलावर डोळे मिटून विश्वासही टाकू नये. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावा : हे अन्न विस्तवावरून उतरून किती वेळ झाला, आणि मधे कोणाचे हात व कोणते पाणी त्याला लागले? त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर पोटभर जेवावे.