४.३ शोधसूत्रे वाचनीय करण्याची साधने

४.३.१ प्रास्ताविक

मजकुरातील विशिष्ट रचनेचे शब्द शोधण्यासाठी चिन्हांच्या साहाय्याने लिहिलेल्या सूत्रास 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. येथे आपण त्यास 'शोधसूत्र' म्हणू. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात गणितात मांडलेली ही संकल्पना केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकूर-शोधासाठी उपयोगात आणली.

एखाद्या कादंबरीत 'घर' हा शब्द कोणकोणत्या विभक्तींत आला आहे, हे पाहावयाचे आहे असे समजा. केवळ 'घर' असा शोध घेतल्यास 'घरटे', 'घराणे', 'माजघर' हे शब्दही मोजले जातील. म्हणून पुढील सूत्र लिहिता येते :

(^|[ ])घर(ी|ा(त|ला|ने|हून))?([ ,.?]|$)

येथे ^ म्हणजे ओळीचा आरंभ, $ म्हणजे शेवट आणि उभी रेघ म्हणजे 'किंवा'. चौकटी कंसातील कोणतेही एक चिन्ह चालते. गोल कंसानंतरचे प्रश्नचिन्ह तो भाग ऐच्छिक असल्याचे सांगते.

संगणकास हे सूत्र कळते. वाचकास मात्र ते सहज उलगडत नाही. आपली गणना सूत्रावर अवलंबून असते. सूत्र तपासता आले नाही, तर निष्कर्षही तपासता येत नाही.

४.३.२ वाचनीयतेची साधने

(अ) पूर्ण अक्षरांचा वापर : कंसानंतर सुटा काना किंवा वेलांटी आल्यास पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. त्याऐवजी पूर्ण रूपे लिहावीत.

(आ) विस्तृत मांडणी : पर्ल व पायथन या भाषांत सूत्र अनेक ओळींत मांडून # या चिन्हापुढे टीप देण्याची सोय आहे.

(^|[ ])      # ओळीचा आरंभ किंवा मोकळी जागा
( घर         # मूळ रूप
| घरी        # सप्तमी
| घरात       # सप्तमी
| घराला      # द्वितीया, चतुर्थी
| घराने      # तृतीया
| घराहून )   # पंचमी
([ ,.?]|$)   # शब्दाचा शेवट

या मांडणीत सुटी मोकळी जागा दुर्लक्षिली जाते. म्हणून अपेक्षित जागा चौकटी कंसात लिहिली आहे.

सूत्र लांबले, परंतु त्यातील उणीव आता चटकन दिसते : षष्ठीचे एकही रूप येथे नाही. 'घराचा', 'घराची', 'घराचे' ही रूपे गणनेतून निसटली असती.

(इ) स्पष्टीकरण देणारी साधने : 'रेगेक्स १०१' सारखे साधन सूत्रातील प्रत्येक चिन्हाचा अर्थ सांगते, काही साधने सूत्राची रेल्वेमार्गासारखी आकृती काढतात. सूत्र काय करते, हे त्यांतून कळते. आपल्याला काय अभिप्रेत होते, हे मात्र ती सांगू शकत नाहीत.

(ई) कसोटी-शब्द : म्हणून सूत्रासोबत दोन याद्या ठेवाव्यात. सापडायलाच हवेत असे शब्द (घरी, घराने) एका यादीत आणि सापडू नयेत असे शब्द (घराणे, माजघर) दुसऱ्या यादीत लिहावेत.

४.३.३ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वरील सूत्रात षष्ठीची रूपे टिपांसह समाविष्ट करा.
२. 'झाड' या शब्दासाठी शोधसूत्र व कसोटी-शब्दांच्या दोन्ही याद्या तयार करा.
३. 'घरातील' हा शब्द वरील सूत्रास का सापडत नाही, ते स्पष्ट करा.