पाठीचा कणा दुखावलेल्याची स्वावलंबनाची पारख



नारळ काढताना, चिंच झोडपताना पडून किंवा ट्रॅक्टर उलटून कणा मोडला, की माणूस इस्पितळातून घरी येतो खरा. पण आता याला स्वतःचे काय करता येईल, हे घरच्यांना उमगत नाही. ते अंदाजाने ठरवू नये, पाहून ठरवावे.

यासाठी डॉक्टर मंडळी 'स्किम' नावाचे मोजमाप वापरतात. ते इस्राएल देशात तयार झाले व १९९७ साली प्रसिद्ध झाले. एकूण गुण १००. त्यांपैकी स्वतःच्या निगेला २०. जेवण, आंघोळ, कपडे, दात-केस-दाढी हे त्यात येते. आंघोळ व कपडे यांत वरचे अंग आणि खालचे अंग निराळे धरतात, कारण सदरा झटक्यात घालणारा पायजम्याशी अर्धा तास झगडतो.

जेवणाचे पाहा. पूर्ण भरवावे लागले तर ०, थोडी मदत लागली तर १, साधन वापरून अथवा कोणी नुसते पाणी ओतून दिल्यावर स्वतः जेवला तर २, आणि कशाचीच गरज नसेल तर ३. मानेत इजा झालेल्या काहींची बोटे चालत नाहीत, पण मनगट वर उचलते. ते उचलले की बोटे आपोआप थोडी मिटतात. तेवढ्या पकडीत भाकरीचा तुकडा धरता येतो. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की तोही धरता येतो.

घरभेटीत आम्ही 'जेवता येते का?' असे विचारतो, तेव्हा उत्तर बहुधा आईच देते, "नाही हो फादर, मीच भरवते." करता येत नाही आणि करू दिले जात नाही, या दोन गोष्टी निराळ्या. म्हणून शेजारी बसा, हात आवरा. घास सांडतील, सांडू द्या.

आंघोळीला मात्र सावध असावे. बधिर अंगाला चटका कळत नाही. संवेदना शाबूत असलेल्या हाताने पाणी आधी पाहावे. माकडहाड, कुल्ले, टाचा रोज आरशात पाहाव्यात. याला 'स्किम'च्या निगेत गुण नाहीत, पण आमच्या मते हीच पहिली निगा. लाल डाग जात नसेल, तर त्या जागेवर भार देऊ नये.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ सालच्या अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. पुढे चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

गुण तारखेसह कागदावर लिहावेत, महिन्याने पुन्हा पाहावे व तो कागद इस्पितळात दाखवावा. पेरणीच्या दिवसांत सगळे घर रानात असते. तांब्या व भाकरी त्याच्या हाताशी ठेवून जाता येईल की कोणी थांबावे लागेल, हेही त्यावरून ठरवता येते.