सुपरचार्ज्ड इंजिनासाठी घरी बनवता येणारा तेल-विभाजक

पेट्रोल इंजिनाचा पिस्टन सिलिंडरमध्ये कितीही नेटका बसवला तरी तो पूर्णपणे हवाबंद कधीच नसतो. ज्वलनाच्या वेळी दाबाखालील वायूचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. या वायूला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. क्रँककेसमध्ये गरम तेल सतत उडत असते. त्या तेलाचे तुषार, पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल बरोबर घेऊन हा वायू बाहेर पडण्याची वाट शोधतो. ती वाट त्याला द्यावीच लागते; न दिल्यास आतला दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून तेल गळू लागते.

पूर्वी ही वाट म्हणजे खाली रस्त्याकडे तोंड केलेली एक साधी नळी असे. या धुरामुळे शहरांची हवा बिघडते हे लक्षात आल्यावर १९६१ पासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सर्व अमेरिकेत नव्या मोटारींमध्ये हा वायू पुन्हा इंजिनातच नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. आज भारतातील प्रदूषण-नियमांनुसारही पेट्रोल मोटारीच्या क्रँककेसमधील वायू उघड्यावर सोडता येत नाही. म्हणजे वायू परत इंजिनात जाऊ द्यायचा, पण त्याच्याबरोबरचे तेल वाटेत काढून घ्यायचे. हे काम करणारा डबा म्हणजे तेल-विभाजक होय.

सुपरचार्जरमुळे काय बदलते?

२००२ ते २००६ या काळातील मिनी कूपर एस ही मोटार उदाहरणादाखल घेऊ. तिचे इंजिन १५९८ घन सेंटिमीटरचे आहे. चार स्ट्रोकचे इंजिन असल्यामुळे क्रँकच्या एका फेऱ्यात ते स्वतःहून जास्तीत जास्त ७९९ घन सेंटिमीटर हवा ओढील. या इंजिनावर ईटन कंपनीचा एम-४५ हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर आहे. तो आपल्या एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७३७ घन सेंटिमीटर हवा पुढे ढकलतो आणि क्रँकच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यामागे जवळजवळ १४७५ घन सेंटिमीटर हवा पुढे जाते. रोटरमधून होणारी गळती वजा केली तरी इंजिनाला मावेल त्यापेक्षा ही हवा बरीच जास्त आहे. त्यामुळे इनलेट मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा वर चढतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, सिलिंडरमधील दाब वाढल्यामुळे ब्लो-बायही वाढतो. दुसरा परिणाम विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साध्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बहुतेक वेळ ओढ असते आणि ती क्रँककेसमधील वायू खेचून घेते. सुपरचार्जर जोरात चालू असताना त्याच्या पुढच्या बाजूला ओढ नसतेच, उलट रेटा असतो. हा रेटा क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून तिकडच्या नळीवर एकदिश झडप असते. ती मिटली की वायू दुसऱ्या नळीने, म्हणजे एअर फिल्टर आणि सुपरचार्जर यांच्यामधल्या मार्गात जातो. तेलही त्याच वाटेने सुपरचार्जरमध्ये आणि तेथून इंटरकूलरमध्ये पोचते. इंटरकूलरच्या आतल्या पृष्ठभागावर तेलाचा थर बसला की हवा नीट थंड होत नाही. सिलिंडरमध्ये गेलेले तेल पेट्रोलचा ऑक्टेन गुण कमी करते. गरम हवा आणि कमी ऑक्टेन एकत्र आले म्हणजे इंजिन ‘नॉक’ करते, आणि दाबाखालील इंजिनात नॉकिंगने पिस्टन फुटू शकतो. म्हणून विभाजक सुपरचार्जरच्या आधीच्या या नळीवर असलाच पाहिजे. तो फक्त मॅनिफोल्डच्या नळीवर बसवला, तर ऐन गरजेच्या वेळी त्यातून वायू जातच नाही.

रिकामा डबा का चालत नाही?

पुष्कळ जण एका डब्याला दोन नळ्या जोडतात आणि तेल आपोआप तळाशी बसेल असे मानतात. हे कितपत खरे आहे ते हिशेबाने पाहू. ब्लो-बाय मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर धरू. डबा ८ सेंटिमीटर व्यासाचा व १० सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे सुमारे अर्ध्या लिटरचा आहे. तेव्हा वायू त्यात जेमतेम एक सेकंद थांबतो.

आता स्टोक्सने १८५१ साली मांडलेला नियम लावू. हवेत पडणाऱ्या बारीक थेंबाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० मायक्रॉनचा तेलाचा थेंब सेकंदाला सुमारे अडीच मिलिमीटर खाली येतो. १ मायक्रॉनच्या थेंबाला १० सेंटिमीटर पडायला तासाहून अधिक वेळ लागतो. इकडे वायू तर एका सेकंदात बाहेर! रिकाम्या डब्यात फक्त मोठे थेंब सापडतात. धुक्यासारखे बारीक तेल सरळ पुढे निघून जाते.

यावर उपाय जडत्वाचा आहे. वेगाने जाणारा वायू तारेला वळसा घालतो, पण थेंबाला तितक्या चटकन वळता येत नाही, म्हणून तो तारेवर आपटतो. एका तारेवर अनेक थेंब जमून मोठा थेंब होतो, आणि मोठा थेंब मात्र पडतो : १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर खाली येतो. यावरून विभाजकाचे सूत्र मिळते. थेंब आपटवायचे तेथे वायूचा वेग जास्त हवा. थेंब पाडायचे तेथे वेग कमी हवा.

बांधणी

(१) ८ सेंटिमीटर व्यासाचा व १६ सेंटिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा किंवा पोलादी नळकांडी डबा घ्यावा. प्लॅस्टिकची बरणी इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते.

(२) झाकणाच्या मधोमध २५ मिलिमीटर आतील व्यासाची, ७ सेंटिमीटर लांब नळी आत उतरवावी. वायू हिच्यातून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने खाली येतो. हिच्यात स्टेनलेस स्टीलची जाड तारेची घासणी सैलसर भरावी आणि खालच्या तोंडाशी भोके पाडलेली चकती पक्की बसवावी. बारीक लोखंडी वूल वापरू नये. ती गंजते, तिचे तुकडे सुटतात, आणि पुढे सुपरचार्जरचे रोटर आहेत!

(३) नळीच्या तोंडाखाली २ सेंटिमीटरवर ४ सेंटिमीटर व्यासाची सपाट चकती असावी. वायू तिच्यावर आपटून उलटा वळतो. नंतर रुंद डब्यातून तो सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर वेगाने वर चढतो, आणि मोठे थेंब मागे राहतात. बाहेर जाण्याची नळी झाकणाच्या कडेला ठेवावी.

(४) तळाला निचऱ्याची तोटी हवी. जोडाच्या नळ्या तेलाला टिकणाऱ्या नायट्राईल रबराच्या, १९ मिलिमीटर आतील व्यासाच्या आणि ओढीने न चिमटणाऱ्या असाव्यात. नळीला मध्येच झोळ पडू देऊ नये. तेथे पाणी साचते.

(५) डबा एक्झॉस्टपासून दूर, घट्ट बांधावा. बसवण्यापूर्वी तो रॉकेलने धुऊन वाळवावा, म्हणजे आत धातूचा कीस राहणार नाही.

तपासणी

विभाजक बसवल्यावर इंजिनाचा श्वास कोंडला नाही ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेतील यू-नळीच येथे उपयोगी पडते. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून तिचे एक टोक डिपस्टिकच्या नळीला जोडावे. पाणी इंजिनात ओढले जाऊ नये म्हणून मध्ये एक रिकामी बाटली ठेवावी. विभाजक नसताना आणि असताना, त्याच वेगावर, पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरक मोजावा. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९८ पास्कल. डबा बसवल्यावर क्रँककेसमधला दाब उघडपणे वाढलेला दिसला, तर घासणी दाबून भरली आहे असे समजावे. सैल करून पुन्हा मोजावे.

हिशेब सांगतो की एक मायक्रॉनच्या आसपासचे थेंब याही विभाजकातून निसटतात. पाच मायक्रॉनच्या वरचे बहुतेक सापडतात. एवढ्यानेही इंटरकूलर पुष्कळ स्वच्छ राहतो. डबा अर्धा भरण्यापूर्वीच रिकामा करावा. काठोकाठ भरला तर साठलेले सगळे तेल एकदम इंजिनात जाईल. निघालेले तेल पाणी आणि पेट्रोल मिसळून ताकासारखे पांढुरके दिसते. ते पुन्हा संपमध्ये ओतू नये, गटारातही टाकू नये.

शेवटी, दर हजार किलोमीटरला किती तेल निघाले याची वहीत नोंद ठेवावी. आकडा स्थिर असेल तर इंजिन ठीक आहे. तो महिन्यागणिक वाढत असेल, तर दोष डब्यात नसून रिंगांमध्ये असण्याचा संभव आहे, आणि कॉम्प्रेशन तपासण्याची वेळ झाली आहे. विभाजक तेल अडवतो. झिजलेले इंजिन दुरुस्त करीत नाही. मात्र दुरुस्तीची वेळ आली आहे, हे तो वेळेवर सांगतो.