करंट अकाउंट बदलताय? बँकेच्या तपासणीत अडकू नका

मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसं बँक खात्याचं नाही. आपल्याकडे खाते क्रमांक पोर्ट होत नाही. करंट अकाउंट ‘बदलणं’ म्हणजे नवीन खातं उघडायचं, व्यवहार हळूहळू तिकडे वळवायचे आणि मग जुनं बंद करायचं. तुम्ही दहा वर्षं धंदा करत असाल, पण नव्या बँकेच्या लेखी तुम्ही आजच जन्मलात. चिडचिड सुरू होते ती इथून.

आधी बँकेची बाजू बघू. करंट अकाउंटमधून मोठ्या रकमा रोज फिरतात, म्हणून सायबर भामट्यांना अशी खाती हवी असतात. कुणाच्या तरी नावाने फर्म दाखवायची आणि फसवणुकीचे पैसे तिच्या खात्यातून पुढे ढकलायचे. याला म्यूल अकाउंट म्हणतात. त्यामुळे बँकेने दुकानावर माणूस पाठवला, पाटीसकट फोटो काढला, तर तोंड वाकडं करू नका. मला राग येतो तो कागद हप्त्याहप्त्याने मागण्याचा. सोमवारी एक, गुरुवारी दुसरा, आणि पुढच्या आठवड्यात पहिलाच परत!

म्हणून नियम आपल्याला माहीत पाहिजे. प्रोप्रायटरशिप असेल तर मालकाचं केवायसी आणि धंद्याच्या नावाचे कोणतेही दोन पुरावे लागतात: शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी, आयटी रिटर्न, धंद्याच्या नावाचं लाईट बिल वगैरे. दोन देणं शक्य नाही हे बँकेला पटलं, तर जागेवर पडताळणी करून ती एकावरही खातं उघडू शकते. पण ते बँकेच्या मर्जीवर.

महाराष्ट्रात एक खास गोची आहे. २०१७ च्या शॉप ॲक्टनुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नोंदणी नसते, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "हे सर्टिफिकेट नाहीये." तिथे भांडत बसण्यापेक्षा उद्यम आणि जीएसटी पुढे करा. उद्यम सरकारी पोर्टलवर फुकट निघतं, एजंटला पैसे देऊ नका. आणि फर्मचं नाव सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखं ठेवा.

खातं उघडलं म्हणजे सुटलो असं नाही. माझं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. मी बँक बदलली आणि मे महिन्यात एका शाळेचे १ लाख ८० हजार नव्या खात्यात आले. बँकेने लगेच डेबिट थांबवलं. पैसे दिसतायत, पण काढता येत नाहीत. ऑर्डरची कॉपी तीनदा दिली. शाखेत एकच उत्तर, "सिस्टीमने लावलंय, हेड ऑफिस बघेल." सहा दिवस गेले. तिकडे इचलकरंजीचा व्यापारी माल रोखून बसलेला, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर युनिफॉर्म कोण घेणार? जुनं खातं चालू होतं, त्यात चाळीस हजार होते, ते ॲडव्हान्स म्हणून पाठवले तेव्हा गाडी निघाली.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: निदान तीन महिने दोन्ही खाती चालू ठेवा, मिनिमम बॅलन्सचा भुर्दंड पडला तरी. आणि सीझनच्या तोंडावर बँक बदलूच नका. फॉर्मवर वार्षिक उलाढाल खरी लिहा, कमी लिहून साधेपणा दाखवू नका. मोठी रक्कम येणार असेल तर इनव्हॉइस जोडून शाखेला आधीच ईमेल टाका. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. नव्या खात्यातून पहिल्यांदा पैसे पाठवताना बऱ्याच बँका पहिल्या दिवशी मर्यादा लावतात, तेव्हा व्यापाऱ्यांची नावं दोन दिवस आधी जोडून ठेवा.

या काळात तुम्ही बँकेच्या फोनची वाट बघत असता, आणि भामट्यांना तेच हवं असतं. ‘केवायसी अपूर्ण आहे’ म्हणून कुणी ओटीपी मागितला किंवा ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवा आणि शाखेत जा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०.

बँक अडवून बसली तर लेखी तक्रार करून नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. चौकशीसाठी १४४४८.

जुनं खातं बंद करण्याआधी कर्जाचे हप्ते, विमा, क्यूआर आणि बिलावरचा खाते क्रमांक बदला. जीएसटी पोर्टलवर बँक तपशील बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, घरबसल्या होतं. पण पुढच्या तारखेचे चेक कुणाला दिले असतील तर आधी ते परत घ्या. ‘खातं बंद’ म्हणून चेक परत गेला तरी कलम १३८ लागतं, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय. आणि जुनी स्टेटमेंटं उतरवून ठेवा, निदान सहा-सात वर्षांची. खातं बंद झालं की नेट बँकिंगही जातं, मग जीएसटीची नोटीस आली की त्याच शाखेत अर्ज घेऊन उभं राहावं लागतं.