कापणीचा दिवस

चि. माधव यास,

मार्गशीर्षात लावलेल्या जिरेनियमची कापणी, भैरवनाथाची चैत्रातील यात्रा आटोपून मजूर मोकळे झाले म्हणजे करावी, असा बेत तू सोनारीहून कळविला आहेस. बेत सोयीचा खरा. परंतु ज्या पिकाचे सारे मोल पानाच्या अंगावरील सूक्ष्म तैलग्रंथींत साठलेले असते, त्याच्या कापणीची तारीख मजुरांच्या सवडीवर सोडणे मला मान्य नाही.

लागवडीपासून सुमारे चार महिने ही मुदत केवळ अंदाजापुरती समज. रोज सकाळी वाफ्यातून फिरताना एखादे पान बोटांत चुरगाळून नाकाशी धर. त्याला लिंबासारखा तीक्ष्ण वास येतो तोवर ते कोवळे आहे. हिरवा रंग किंचित फिकटू लागून तो तिखटपणा ओसरला आणि गुलाबाचा मृदू गंध दरवळू लागला, की विळ्यांना धार लावावी. त्याआधी कापलेस तर अत्तरवाले ज्यासाठी पैसे मोजतात तो गुलाबगंधच तेलात उणा पडेल. आणि दिरंगाई केलीस तर बुडाकडची पाने पिवळी पडून गळतील. टनभर ओल्या पाल्यातून जेमतेम किलोभर तेल हाती येते अशा पिकात हे गळणे परवडणारे नाही.

तेल कोठे साठते ते पाहून कापणीची वेळ ठरविण्याचा हा विचार आपल्याकडे नवा आहे असेही नाही. खानदेशात रोशा गवताचे तेल पूर्वी पिंपळनेरास आणि तेथील गवत विरळ झाल्यावर नंदुरबार, शहादे, तळोदे या बाजूस गाळले जाई. मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानात पोहोचे, गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई, आणि युरोपच्या बाजारात तुर्की जिरेनियम या नावानेही मिरवे! (भेसळीचे समर्थन मी करीत नाही, पण ती खपली ती रोशा व गुलाब या दोहोंतील जिरेनिऑल या समान द्रव्यामुळे.) रोशाचे तेल मुख्यतः फुलोऱ्यात व पानांत असते, दांड्यात नाममात्र, म्हणून तो फुलावर आल्यावरच कापावयाचा. जिरेनियमचे धन पानांतच असल्यामुळे तुला फुलांची वाट पाहण्याचे कारण नाही. एका वनस्पतीचा कायदा दुसरीस लावू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

पाऊस पडून गेल्यावर किंवा पाला ओलाचिंब असता कापू नकोस. कोरडी सकाळ पाहावी, वीतभर खोड आणि त्यावर थोडी हिरवी पाने राखावीत, व कापाच्या जागी बुरशी शिरू नये म्हणून लगेच बोर्डो मिश्रण फवारावे. कापलेला पाला ढिगाने ठेवल्यास आतून तापून कुजू लागतो, यास्तव तेल गाळण्याची भट्टी मोकळी नसेल तर तो सावलीत पातळ पसरावा. भट्टी तुझी स्वतःची नसल्याने मला खरी धास्ती तिचीच आहे: पान तयार आणि पाळी आठ दिवसांनी, असे झाले तर नाकाने केलेली सारी परीक्षा व्यर्थ. तेव्हा भट्टीवाल्याशी बोलणे तोंडी न ठेवता दोन-चार दिवस मागेपुढे करण्याची मुभा करारात लिहून घे, आणि यात्रेच्या दिवसांतही कामावर येतील अशा माणसांना आताच विसार देऊन ठेव.

तुझा,
काका