एका घासाने काय होतंय?

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत सलग दोन पानं शेवटची कधी लिहिली ते आठवत नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कृपया पोटात घालाव्यात. विषयही पोटाचाच आहे.

गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला हॉस्टेलच्या रिवाजाप्रमाणे रात्री बारा वाजता केक कापला गेला, म्हणजे फासला गेला. माझी रूमी नेहमीप्रमाणे लांब उभी होती. ही बाई पोळी खात नाही, पाव खात नाही, मॅगीसुद्धा खात नाही. सोलापूरहून येताना बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून आणते. "मला गव्हाचा त्रास होतो गं," असं तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पण आमच्या विंगमध्ये तिचं नाव 'डाएट क्वीन' पडलं ते पडलंच. त्या रात्री मी म्हटलं, "एका घासाने काय होतंय?" आणि केकचा गोळा तिच्या तोंडात कोंबला.

पुढचे दोन दिवस ती कॉट आणि बाथरूम एवढंच चालत होती. एम-थ्रीची युनिट टेस्ट बुडली. ती मला एक शब्दही बोलली नाही, फक्त तिची जुनी फाईल माझ्या हातात दिली. फाईलवर आजाराचं नाव होतं, सीलिॲक डिसीझ. आठवीपासून हिमोग्लोबिन सातच्या आसपास, उंची वाढायची थांबलेली. जंताची औषधं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, 'मुलगी नीट जेवत नाही' हे तर घरोघरचं निदान. खरं कारण दहावीत सापडलं. त्या अपराधी अवस्थेत मी लायब्ररीत जाऊन या आजाराबद्दल जे वाचलं, ते इथे लिहिते आहे. वाचताना वाटलं, अरे, हा तर आपलाच विषय आहे, फॉल्ट फाइंडिंग!

या आजाराचं आधुनिक वर्णन सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरांनी १८८७ साली लंडनमध्ये एका व्याख्यानात केलं. मुलं हडकतात, पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत. बरं करायचं तर आहारातूनच करता येईल, हेही त्यांनी ओळखलं होतं. पण कुठला आहार? त्यांचा एक छोटा पेशंट रोज भरपूर डच शिंपले खाऊन छान सुधारला आणि शिंपल्यांचा सीझन संपताच पुन्हा खंगला. पुढच्या सीझनला तो त्यांना तोंडच लावेना! मेसमध्ये सलग चार दिवस दुधी झाला की आपली जी गत होते, तीच.

मग १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. भरपूर केळी, आणि पाव-बिस्किटं बंद. मुलं खरोखर सुधारली आणि हा उपचार पुढे कित्येक वर्षं चालला. इथे गंमत बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, केळी आली आणि पाव गेला. गुण पाव गेल्याचा होता, पण भाव केळी खाऊन गेली. लॅबमध्ये दोन व्हेरिएबल एकदम हलवले की सर का ओरडतात, ते मला त्या दिवशी कळलं.

आता माझे हीरो. विलेम-कारेल डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ, १९३६ पासून हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख. गव्हाबद्दलचा संशय त्यांना युद्धाच्या आधीपासूनच होता. मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला, कालवे गोठले आणि लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसं उपासमारीने गेली. पाव जवळजवळ मिळेनासा झाला आणि डिकेंच्या सीलिॲकवाल्या मुलांची तब्येत मात्र उलट बरी दिसू लागली. युद्ध संपताना पाव परत आला आणि त्याच्याबरोबर आजारही.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपते. सिनेमासारखी आहे ना! पण माझ्या मते खरं काम याच्यानंतर झालं. दुष्काळाने फक्त संशय पक्का केला, पुरावा अजून द्यायचा होता. डिके, वायर्स हे डॉक्टर आणि व्हान दे कामर हे रसायनशास्त्रज्ञ मिळून जे करत बसले ते आपल्या भाषेत चक्क मास बॅलन्स आहे. मुलाने किती चरबी खाल्ली ते मोजायचं, शौचातून किती बाहेर पडली ते मोजायचं, वजाबाकी केली की शरीरात किती शोषली गेली ते कळतं. त्यासाठी शौचातली चरबी मोजण्याची सोपी पद्धत व्हान दे कामर यांनी शोधली. मग त्याच मुलाला काही काळ गहू द्यायचा, काही काळ बंद करायचा, पुन्हा द्यायचा. म्हणजे तुलनाही त्याची त्याच्याशीच. गहू आणि राय दिले की शोषण घसरतं. तांदूळ, मका, बटाट्याचा स्टार्च दिला तर काही होत नाही. शी शी म्हणून नाक मुरडू नका. वर्षानुवर्षं हे मोजण्यातून डिकेंचा १९५०चा उत्रेख्त विद्यापीठातला प्रबंध उभा राहिला.

गव्हात नेमकं काय नडतं, ते १९५२ साली बर्मिंगहॅमच्या गटाने वेगळं केलं. ते घरीही बघता येतं. कणकेचा गोळा नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहा. पांढरं पाणी जातं तो स्टार्च, हातात रबरासारखं चिवट उरतं ते ग्लूटेन. स्टार्चने मुलांना फारसं काही झालं नाही, ग्लूटेनने आजार उलटला. (म्हणून कुरडई चालेल असं समजू नका हं! घरच्या चिकात थोडं ग्लूटेन राहतंच.)

पण एखाद्या प्रथिनाने एवढं कसं बिघडतं? आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिला व्हिलाय म्हणतात. अन्न शोषायला भरपूर पृष्ठभाग मिळावा म्हणून ती असते, आपल्या हीट एक्स्चेंजरच्या फिन्ससारखी. ग्लूटेन पूर्ण पचत नाही, त्याचे तुकडे उरतात. आपल्याच शरीरातलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक एन्झाइम त्या तुकड्यांत थोडा बदल करतं. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असलेल्या काही माणसांत प्रतिकारशक्तीला हा बदललेला तुकडा शत्रू वाटतो आणि ती हल्ला करते. कोणावर? आपल्याच आतड्यावर. शिवाय त्या एन्झाइमविरुद्धही अँटिबॉडी बनतात, हे १९९७ साली जर्मनीत सापडलं. लव झडून भिंत सपाट होते, मग लोह, कॅल्शियम सगळं वाहून जातं. रूमीचं हिमोग्लोबिन सात का होतं, ते मला इथे कळलं.

म्हणजे ही ॲलर्जी नाही आणि नखरे तर नाहीतच. हा ऑटोइम्यून आजार आहे. अशा बहुतेक आजारांत ठिणगी कुठून पडते ते कळत नाही. इथे ठिणगी माहीत आहे आणि ती काढून घेतली की लव पुन्हा उगवते. मात्र 'थोडंसं' हा प्रकार नाही. घासभर केकनेही आतला हल्ला पुन्हा सुरू होऊ शकतो, कधी बाहेरून काहीच दिसत नाही तेव्हासुद्धा.

हा गोऱ्या लोकांचा आजार, असा समज पूर्वी आपल्याकडे होता. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरातल्या १.२३ जणांना तो आढळला, दक्षिणेत फक्त ०.१० जणांना. जनुकं दोन्हीकडे साधारण तितकीच, फरक पडला तो ताटातल्या गव्हाने. ज्यांना शंका वाटते त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट: आधी गहू सोडून मग रक्त तपासायला जाऊ नका. गहू बंद केला की अँटिबॉडी उतरतात आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. आधी टीटीजी-आयजीए तपासणी, लागली तर बायॉप्सी, मग पथ्य.

औषध अजून बाजारात नाही. लाराझोटाइड नावाच्या गोळीची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली. त्याआधी २०२१ मध्ये युरोपातल्या एका चाचणीने आशा दाखवली होती. झेड१२२७ नावाने ओळखलं जाणारं औषध वर सांगितलेल्या एन्झाइमलाच अडवतं. त्या चाचणीत सीलिॲकच्या पेशंट्सनी सहा आठवडे रोज तीन ग्रॅम ग्लूटेन मुद्दाम खाल्लं, साधारण एका पोळीत असतं तेवढं. काहींना औषध होतं, काहींना नुसती साखरेसारखी खोटी गोळी, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. औषधवाल्यांची लव बरीच वाचली. तो रिझल्ट वाचताना मला खोटी गोळी मिळालेल्यांचीच जास्त आठवण येत होती. दोन दिवस कॉटवर पडलेली रूमी मी पाहिली होती ना.

आता मेसचं. रूमी वर्षभर पोळी टाळूनही अधूनमधून आजारी पडायची, ते कोडं आम्ही दोघींनी सोडवलं. वरणभात तर ती रोज खायची. संशयितांची यादी करून एकेक पदार्थ बंद केला (डिकेंचीच पद्धत!) आणि चोर सापडला फोडणीत. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा घातलेला असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आम्ही कोणी वाचलंच नव्हतं. मेसच्या काकांना सांगितल्यावर ते आधी हसले, मग दुसऱ्या दिवशी डबी घेऊन माझ्याकडूनच वाचून घेतली. आता तिची वाटीभर आमटी बिनहिंगाची वेगळी काढतात, आणि भाकरीला वेगळा तवा आहे. त्या तव्यावर पोळी टाकू नका, ही विंगमधल्या सगळ्यांना विनंती.

तिचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे. तांदळाच्या पिठाचा केक करायचा पहिला प्रयत्न मी दिवाळीच्या सुट्टीत केला. त्याची वीट झाली. सिव्हिलच्या मैत्रिणीने त्याची कॉम्प्रेशन टेस्ट करून बघू म्हणून सुचवलं आहे. कोणाकडे चांगली रेसिपी असेल तर रूम नंबर विचारून या.